आबांच्या डब्यातली मासे पकडायची जुनी आमिषं: या चुका टाळा

नाशिककराच्या हातात काळं पडलेलं पितळ द्या, तो आधी चिंच शोधतो. भांडी बाजाराच्या गावात वाढल्याचा हा परिणाम असावा. आमच्या आबांचा मासेमारीचा पत्र्याचा डबा पोटमाळ्यावरून खाली आला त्या दिवशी मीही तेच केलं. डब्यात दांडा नसलेल्या चमच्यासारखं एक आमिष होतं, काळपट-हिरवं. चिंच, मीठ, जुना टूथब्रश, पाच मिनिटं. पितळ लख्ख झालं. मागची बाजू चंदेरी होती, तीही पितळी झाली. कडेला ठोकलेली बारीक अक्षरं होती, त्यातली निम्मी पुसट झाली.

या प्रकाराला गळवाले ‘स्पून’ म्हणतात. अमेरिकेतल्या ज्युलिओ ब्युएलने 1852 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. जेवताना त्याच्या हातून चमचा तळ्यात पडला आणि माशाने त्यावर झडप घातली, तिथून ही कल्पना सुचली असं सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, युक्ती साधी आहे. पाण्यात ओढलं की पत्रा हेलकावे खातो, एकदा चमकतो, एकदा काळवंडतो, आणि माशाला वाटतं जखमी पिल्लू चाललंय. म्हणूनच पुष्कळ स्पूनच्या दोन बाजू मुद्दाम दोन रंगांच्या असतात. चंदेरी बाजूवरचा मुलामा अगदी पातळ असतो. चिंच आणि ब्रश यांना तो कुठे कळतो?

तर पहिली चूक ही: साफसफाई

डबा उघडला की हात मागे बांधा. आधी प्रत्येक वस्तूचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. ज्या खणात जे होतं ते तिथेच ठेवा. मग कोरडा, मऊ रंगकामाचा ब्रश घ्या आणि धूळ झटका, बस्स. हिरवा कळंक दाटलेला असेल तर बांबूच्या दातकोरणीने हलकेच खरवडा.

लाकडी आमिषांना पाणी लावू नका. रंगाला बारीक भेगा गेलेल्या असतात, त्यातून पाणी आत शिरतं, लाकूड फुगतं आणि रंगाचे पापुद्रे उठतात. ‘जरा तकाकी येईल’ म्हणून खोबरेल किंवा वॉर्निश फासणं तर त्याहून वाईट. डोळा फुटला म्हणून नवा बसवू नका, गळ गंजला म्हणून बदलू नका. संग्राहक आधी मूळ रंग पाहतात आणि गळ अडकवलेली कडी पाहतात. हेडन या अमेरिकी कंपनीच्या लाकडी माशांची पिढी त्यावरूनच ओळखता येते, कारण गळ टांगायची पद्धत कंपनीने पुन्हा पुन्हा बदलली. आधी लाकडात खोबण करून बसवलेली वाटी, मग इंग्रजी ‘एल’सारखा वाकलेला पत्रा, मग दोन तुकड्यांची कडी. नावाची अक्षरं पुसली तरी कडी बोलते. ती तुम्ही स्क्रू ड्रायव्हरने काढलीत, की वस्तू मुकी झाली.

‘साहेबाने जाताना दिलं’

देवळाली कॅम्प, म्हणजे इंग्रजांच्या काळातली लष्करी छावणी, जवळ असल्यामुळे आपल्याकडे ही गोष्ट घरोघरी आहे. 1947 ला गोरा साहेब गेला, जाताना आबांना डबा देऊन गेला. आमच्याही घरात ती तीन पिढ्या चालली. मग मी डब्यातला एक सडपातळ मासा भिंगाखाली धरला. पोटावर ‘रापाला’, खाली ‘फिनलंड’.

लाउरी रापाला या फिनिश कोळ्याने आपलं पहिलं यशस्वी आमिष 1936 मध्ये कोरलं: बुचाच्या लाकडाचं, वरून चॉकलेटची चांदी गुंडाळलेली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून केलेला थर. पण ते घराबाहेर, जगभर पसरलं बऱ्याच वर्षांनी. अमेरिकेत त्याचा खरा गाजावाजा झाला तो 1962 मध्ये, ‘लाइफ’ मासिकात त्यावर लेख आला तेव्हा. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर मेरिलिन मन्रो होती, त्यामुळे अंक धडाधड खपला. तेव्हा साहेबाच्या डब्यात 1947 साली हा मासा असण्याची शक्यता जवळपास शून्य. म्हणजे साहेबाची गोष्ट खोटी? तसंही नाही. त्याच डब्यात टॉर्पेडोच्या आकाराचं, दोन पंखांचं ‘डेव्हन मिनो’ आहे, ते अस्सल इंग्रजी वळणाचं. डबा साहेबाचा, पण आबा त्यात नंतर भर घालत राहिले. एका वस्तूवरून सगळ्या डब्याचं वय ठरवलं की ही चूक होते.

वय काढताना आणखी एक फसवणूक होते. वस्तूवर पेटंटची तारीख किंवा क्रमांक असतो, आणि आपण तेच बनावटीचं साल धरतो. पेटंट म्हणजे ‘याआधीचं नाही’ एवढंच. तोच ठसा घेऊन माल पुढे कित्येक वर्षं बनत राहतो. काचेचे डोळे, हाताने लावलेला रंग, वेष्टनावरचा पत्ता, देशाचं नाव, सगळं एकत्र ठेवून मगच बोला. रापाला पुढे आयर्लंड आणि एस्टोनियातही बनू लागले, म्हणून देशाचं नाव जरूर टिपा. खोकं मात्र पुराव्यात शेवटी धरा. आमच्याकडे एबू या स्वीडिश कंपनीच्या खोक्यात भलताच फ्रेंच स्पिनर, म्हणजे पाण्यात पातं गरगर फिरणारं आमिष, निघाला.

डब्यात पिवळट, कडक वेटोळी सापडली तर ती नायलॉन समजून ओढू नका. आज तंगूस म्हटलं की नायलॉन, पण नायलॉन जगापुढे आलं 1938 मध्ये. त्याआधीचे गळवाले रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथी ताणून केलेला धागा वापरत. तो कोरडा असताना काचेसारखा तुटतो. वापरणारे तो आधी पाण्यात भिजवत. आपल्याला वापरायचा नाही, तेव्हा वेटोळं आहे तसंच राहू द्या.

रंग मागाहून लावलाय का, अशी शंका आली तर यूव्ही टॉर्च मारून पाहा. नवा रंग जुन्यापेक्षा बहुधा वेगळा उजळतो. आबा नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते, 1928 पासून जिथे नोटा छापल्या जातात तिथे. त्यांचा डबा तपासायला मी नोटा तपासायची टॉर्च वापरतोय हे पाहून ते खूश झाले असते, असं उगाच वाटलं.

ठेवण्यातल्या चुका

डांबरगोळ्या टाकू नका. कपाट उघडलं की आपला हात आपोआप तिकडे जातो, पण त्यांची वाफ काही जातींच्या जुन्या प्लॅस्टिकला मऊ करते. मऊ रबरी किडे आणि कडक प्लॅस्टिकचे मासे एका खणात ठेवू नका. किड्यांतलं तेलकट द्रव्य बाहेर झिरपतं, कडक प्लॅस्टिक आणि रंग विरघळवतं, दोन्ही एकमेकांना चिकटून राहतात. आमच्याकडे एक हिरवा मासा असाच गेला. एखाद्या जुन्या प्लॅस्टिकला व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ते आतून विघटित होतंय. त्याला वेगळं ठेवा, नाहीतर शेजाऱ्यांनाही बाधतं.

शिशाच्या वजनांवर पांढरी भुकटी दिसली तर फुंकर मारू नका. ती विषारी असते. हातमोजे घाला, नंतर हात धुवा. बंद लाकडी खणातली आम्ल वाफ हे तिचं एक मोठं कारण, म्हणून शिसं लाकडी पेटीत ठेवू नये.

पिसांच्या माश्या, म्हणजे ‘फ्लाय’, यांना कसर लागते. हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवल्या की किडे मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आणि नीट पाहा: जुन्या विलायती माश्यांवर पिवळे, मेणचट ठिपके असलेलं पीस दिसतं का? ते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. इथलं पीस बोटीने विलायतेला गेलं, तिथे सालमन माशासाठी माशी बांधली गेली आणि ती कुणाच्या तरी खिशातून परत देवळालीला आली. विकायचा विचार मात्र करू नका, अशा पिसांना 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे.

किंमत

2003 मध्ये तांब्याचा एक जुना ‘हास्केल मिनो’ लिलावात एक लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेला, हे वाचून पुतण्याचे डोळे विस्फारले. असा मासा आपल्या डब्यात नसतो. बहुतेक डब्यांत हजारोंनी बनलेला, वापरलेला, दात लागलेला माल असतो. दाताच्या खुणांनी भाव उतरतो, पण आमच्या घरात त्याच खुणांवरून दोन तास गप्पा झाल्या. एका व्यापाऱ्याने सगळा डबा ‘भंगार धरून’ मागितला, आणि नकार मिळताच रक्कम दुप्पट केली. एवढं पुरे.

बेनाव वस्तू

आता सगळ्यात मोठी चूक सांगतो, जी मी जवळपास केलीच होती. डब्याच्या तळाशी ओबडधोबड लाकडी मासा होता. नाव नाही, नंबर नाही, रंग उडालेला. डोळ्यांच्या जागी टाचण्या. मागचा गळ सरळ ताणला गेलेला. कुठल्याच कॅटलॉगात सापडेना, म्हणून ‘नकली’ असं चिकटपट्टीवर लिहून बाजूला टाकला. गळ तेवढा बदलून मुलाला खेळायला द्यावा, असा बेत होता. नवा गळ आणूनही ठेवला होता.

आत्या रविवारी आली. तिने तो उचलला, पोटावरची सुटलेली चांदी नखाने दाबून बसवली.

‘‘अरे, हा आबांनीच केलाय. पांगाऱ्याचं लाकूड. ही सिगारेटच्या पाकिटातली चांदी.’’

‘‘मग गळ असा का?’’

‘‘दारणेच्या धरणावर. मरळ होती. मी सोबत होते, सहावीत असेन. गळ सरळ करून गेली ती.’’

‘‘केवढी होती?’’

आत्याने हात पसरले, थोडे आणखी पसरले, आणि माझ्याकडे बघून पुन्हा जरा आत घेतले. चिकटपट्टी मी काढली. नवा गळ दुकानदाराने परत घेतला नाही, तो अजून ड्रॉवरमध्ये आहे.