सीसीआयई लॅबमध्ये वेळ वाचवायचा कसा: इंदूरच्या एका रात्रपाळीवाल्याकडून

सीसीआयई म्हणजे सिस्कोची नेटवर्किंगमधली तज्ज्ञ पातळीची परीक्षा, आणि लॅब म्हणजे तिचं प्रॅक्टिकल. ऑफिसातली नवीन पोरं एकच विचारतात, दादा, लॅबला टायपिंग स्पीड किती लागतो. अरे भिया, टायपिंगचं राहू दे. मी लोकमान्य नगरातल्या घरी गच्चीवरच्या खोलीत जुन्या सर्व्हरवर ईव्ह-एनजी (एकाच मशीनवर आभासी राऊटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून प्रॅक्टिस करायचो, आणि एका रविवारी सकाळी पोहे-जिलेबी हाणून पाच तासांची मॉक लॅब दिली, स्क्रीन रेकॉर्ड केली. नंतर बघितलं तर काय, हात चालत होते तो वेळ अर्ध्याहून कमी, बाकीचा वेळ मी नुसता स्क्रीनकडे टक लावून बसलोय नाहीतर स्वतःचीच चूक शोधतोय. म्हणून खाली जे लिहितोय ते सगळं त्या बसून राहण्याबद्दल आहे.

परीक्षा ८ तासांची. पहिले ३ तास डिझाइन, त्यात राऊटरला हात लावायचा नसतो आणि पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. मग ५ तास प्रत्यक्ष कॉन्फिग आणि ट्रबलशूटिंग. मी त्या ५ तासांचंच सांगतो.

सगळ्यात फालतू वेळ जातो चुकीच्या कमांडने. 'शो' लिहिताना बोट घसरलं की राऊटरला वाटतं हे कुठल्यातरी मशीनचं नाव आहे, आणि तो २५५.२५५.२५५.२५५ वर डीएनएस, म्हणजे त्या नावाचा पत्ता, विचारत बसतो, आपण शिव्या देत बसतो. कंट्रोल-शिफ्ट-६ ने सुटका होते, हे बोटांना झोपेतही आलं पाहिजे. नाव शोधणंच बंद करणारं 'नो आयपी डोमेन लुकअप' सगळ्यांना माहीत आहे, पण प्रश्नात डीएनएस लागणार असेल तर ते बंद करून स्वतःच्या पायावर धोंडा, त्यापेक्षा लाइनवर 'ट्रान्सपोर्ट प्रिफर्ड नन' टाका, म्हणजे चुकलेला शब्द हा होस्टनेम समजलाच जात नाही आणि डीएनएस जिथल्या तिथे चालू राहतं. सोबत 'लॉगिंग सिंक्रोनस' (टाईप करताना मध्येच येणारे मेसेज ओळ तोडत नाहीत) आणि 'टर्मिनल लेंग्थ झिरो' (आउटपुट पानापानाने थांबत नाही), एवढंच.

ट्रेसराऊट, म्हणजे पॅकेट कुठल्या कुठल्या राऊटरमधून (हॉप) जातं ते दाखवणारी कमांड, तर वेळेचा खड्डाच आहे. प्रत्येक हॉपला ३ प्रोब (चाचणी पॅकेट), प्रत्येकी ३ सेकंद, ३० हॉप, गुणाकार करा, रस्ता तुटलेला असेल तर २७० सेकंद, म्हणजे साडेचार मिनिटं, वर प्रत्येक हॉपचं नाव शोधायला वेगळा वेळ. 'न्यूमेरिक', 'टाइमआउट १', 'प्रोब १' एवढं लावायची सवय करा. न लागणारा पिंगसुद्धा ५ गुणिले २ सेकंद खातो, दहा-बारा ठिकाणी तपासायचं तर किती झाले बघा. त्यापेक्षा नोटपॅडमध्ये टीसीएल शेलची (राऊटरमधलीच स्क्रिप्टची सोय) छोटी फॉरइच लूप लिहून ठेवायची, सगळे अ‍ॅड्रेस एकाखाली एक, टाइमआउट १, आणि ती प्रत्येक राऊटरवर पेस्ट करून पुढच्या खिडकीत जायचं, परत येईपर्यंत उत्तर तयार.

काही गोष्टींना मुळातच वेळ लागतो, तिथे घाई करून उपयोग नाही. जुन्या एसटीपीत (स्विचमधले लूप टाळणारा प्रोटोकॉल) पोर्ट १५ अधिक १५ सेकंद घेणारच, आणि राऊटर एकमेकांना रस्ते सांगतात त्या प्रोटोकॉलपैकी ओएसपीएफचा डेड टाइम ४० सेकंद, बीजीपीचा होल्ड टाइम १८०. लोक काय करतात, नेबर (समोरचा राऊटर) टाकतात आणि लगेच 'शो आयपी बीजीपी समरी', आयडल (म्हणजे अजून जोडलं नाही), परत तेच, परत आयडल, मग घाबरून 'क्लिअर आयपी बीजीपी स्टार', म्हणजे सगळी कनेक्शन तोडून पुन्हा सुरू, झालं, जे वर यायला लागलं होतं तेही खाली. मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता: नेबर टाकला की दोन्ही बाजूंचं कॉन्फिग पूर्ण करायचं, मग दुसऱ्या प्रश्नाचा एक परिच्छेद वाचायचा, आणि मगच बघायला यायचं. पॉलिसी बदलली तर क्लिअर करताना 'सॉफ्ट', नुसतं स्टार नाही.

आता नोटपॅड. सहा राऊटरवर तेच कॉन्फिग असेल तर एक लिहा, कंट्रोल-एच ने आकडे बदला, पेस्ट करा. पण शंभर ओळी एकदम पेस्ट करू नका, कन्सोल मधल्या ओळी गिळतो आणि ते कळतही नाही, वीस-पंचवीसच्या तुकड्यात टाका. पासवर्डमध्ये प्रश्नचिन्ह असेल तर आधी कंट्रोल-व्ही दाबून मग ते टाईप करायचं, नाहीतर राऊटर हेल्प दाखवायला लागतो.

आणि हे माझं रडगाणं. त्याच मॉकमध्ये एका लिंकवर ओएसपीएफ वर येईना. की-चेन (राऊटर एकमेकांना ओळखतात तो पासवर्ड) दोन्हीकडे सारखी, आयडी सारखा, अल्गोरिदम सारखा, एरिया, एमटीयू, टायमर सगळं बघून झालं, इंटरफेस काढून परत टाकला, ३५ मिनिटं गेली राव. डिबगमध्ये ऑथेंटिकेशनची बोंब दिसत होती पण मी म्हणतोय पासवर्ड तर तोच आहे. शेवटी 'शो की चेन' दिलं. एका राऊटरवर पासवर्ड, आणि लगेच बंद होणारं अवतरणचिन्ह. दुसऱ्यावर पासवर्ड, मग एक रिकामी जागा, आणि मग अवतरणचिन्ह. नोटपॅडमधून पेस्ट करताना मागची स्पेस आली होती आणि राऊटरने ती पासवर्डचा भाग म्हणून इमानेइतबारे धरली होती. रनिंग कॉन्फिगमध्ये ती दिसतच नाही. तेव्हापासून पेस्ट करण्याआधी नोटपॅडमध्ये ओळीच्या शेवटी एंड दाबून कर्सर कुठे थांबतो ते बघतो, आणि की-चेन टाकली की लगेच 'शो की चेन' मधलं ते अवतरणचिन्ह बघतो.

त्यावरून दुसरी गोष्ट, अडकलात तर १२ मिनिटांवर सोडा. कागदावर प्रश्नाचा नंबर, काय काय तपासलं ते दोन शब्दांत, आणि पुढे. मात्र तो प्रश्न अंडरले (खालचं मूळ नेटवर्क) किंवा ट्रंकचा (स्विच जोडणारी मुख्य लिंक) असेल, ज्यावर पुढचं सगळं उभं आहे, तर सोडून चालत नाही, म्हणून सुरुवातीची वीसेक मिनिटं सगळा पेपर वाचून कशावर काय अवलंबून आहे त्याच्या रेघा ओढून ठेवायच्या. हे मला सुरुवातीला वेळेची नासाडी वाटायचं.

सेव्ह करताना 'कॉपी रन स्टार्ट' फाइलचं नाव विचारत बसतं, 'डब्ल्यूआर' विचारत नाही. प्रत्येक प्रश्न संपला की एकदा. शेवटच्या अर्ध्या तासात नवीन प्रश्नाला हात नाही, फक्त ती पिंगची लूप परत सगळीकडे चालवायची, कारण सातव्या प्रश्नात लावलेली एसीएल (कुठलं ट्रॅफिक जाऊ द्यायचं त्याची यादी) दुसऱ्या प्रश्नाचं रूटिंग कधी मारते ते त्या क्षणी कळत नाही. आणि परीक्षेसाठी बंगळुरूला आदल्या दिवशी पोहोचा, पहाटेच्या फ्लाइटने उतरून थेट लॅबला जायचा शहाणपणा करू नका.