ग्रॅनाइटमध्ये खनिजं कशी साठली, हे वाचायचं कसं?

सुरुवात फ्रीजरपासून करा. स्टीलच्या पेल्यात कोकमाचं आगळ पाण्यात कालवून, चिमूटभर मीठ घालून ठेवा आणि अर्धं गोठलं की बाहेर काढा. कडेचा बर्फ फिका दिसेल. मधलं पाणी वाटीत ओतून चाखा: आधीपेक्षा गडद, खारट, आंबट. बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागा नसते, म्हणून ते उरलेल्या पाण्यात साचत जातं. जमिनीखाली काही किलोमीटरवर ग्रॅनाइटचा शिलारस थंड होताना हेच घडतं, फक्त तिथलं तापमान 700 ते 800 अंशांच्या आसपास असतं.

आता खरा ग्रॅनाइट हातात घ्या. ओट्यावरचा ‘काळा ग्रॅनाइट’ नको, तो बहुतेकदा ग्रॅनाइट नसतोच. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतही शोधू नका, तिथे जवळजवळ सगळा बेसाल्ट. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरकडचा चालेल. चपट्या बाजू चमकवणारा गुलाबी किंवा पांढरा दाणा म्हणजे फेल्डस्पार, काचेसारखा करडा म्हणजे क्वार्ट्झ आणि काळे पापुद्रे म्हणजे अभ्रक. पंगतीत पहिली पानं यांची. पोटॅशियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन यांना इथे जागा मिळते. लिथियम, बेरिलियम, बोरॉन, कथील, टंगस्टन, टँटलम यांचा आकार किंवा विद्युतभार जुळत नाही. ते पाणी आणि फ्लोरिनसोबत ताटकळत राहतात.

या ताटकळलेल्यांचा पहिला मुक्काम म्हणजे पेग्मटाइट, खूप मोठ्या दाण्यांचा खडक. पाणी, बोरॉन, फ्लोरिन यांमुळे उरलेला रस पातळ होतो, त्यात स्फटिकांची बीजं थोडीच पडतात आणि जी पडतात ती अवाढव्य वाढतात. अमेरिकेत साउथ डकोटातल्या एटा खाणीत स्पोड्युमीन या लिथियम-खनिजाचा 12 मीटरहून लांब स्फटिक सापडला होता. झारखंडमधल्या कोडर्म्याचं अभ्रकही पेग्मटाइटमधलंच.

पेग्मटाइटची शीर दिसली की लोक मधल्या पांढऱ्याशुभ्र गारगोटीवर तुटून पडतात. तसं करू नका. काठापासून आत या. काठावर बारीक दाणे, मग फेल्डस्पारचे मोठे ठोकळे आणि पानांच्या चळतीसारखं अभ्रक, मध्यभागी बहुधा नुसतं क्वार्ट्झ. सहा बाजूंचा हिरवट बेरिल, म्हणजे बेरिलियमचं खनिज, या गाभ्याच्या कडेला हुडका.

पुढचा टप्पा गरम पाण्याचा. रस गोठत आला की पाणी त्यातून सुटतं आणि धातू घेऊन भेगांमध्ये शिरतं. ढोबळमानाने कथील आणि टंगस्टन ग्रॅनाइटजवळ बसतात, तांबं त्याच्या पलीकडे, शिसं-जस्त आणखी लांब. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधली डॉल्कोथ खाण आधी तांब्याची होती. खोल गेल्यावर तांबं सरलं आणि कथील लागलं. खाणकऱ्यांनी हा क्रम वरून खाली, म्हणजे उलटा वाचला.

शिरेतला काळा खडा ओळखायचा तर तळहातावर तोला. मी पहिल्यांदा पिशवीभर ‘कथील’ घेऊन घरी आलो, ती निघाली काळी तुरमळी (टूर्मलीन). तिचं विशिष्ट गुरुत्व 3 च्या आसपास, कॅसिटराइट या कथिलाच्या खनिजाचं जवळजवळ 7. एवढा फरक हातालाच कळतो, तराजू लागत नाही. तुरमळीच्या अंगावर उभ्या रेघाही असतात.

तरी ती तुरमळी फुकट गेली असं नाही. ती बोरॉनची खूण आहे. खडकात नुसतं काळं अभ्रक दिसलं तर तिथे फारसा वेळ घालवू नका, बहुतेक ग्रॅनाइट धातूंच्या बाबतीत कोरडेच असतात. पांढरं अभ्रक आणि तुरमळी जोडीने दिसली, फेल्डस्पार पिठासारखा भुसभुशीत झालेला दिसला, तर मात्र डबा तिथेच उघडा. दिवस जाणार आहे.