पाच डॉक्टर, एक पेशंट: गावातच देखभालीची मोट कशी बांधावी

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची बरीच पोरं गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात परराज्यात, जतची माणसं ऊसतोडीला. घरी उरतात म्हातारी माणसं. साखर, बीपी, अधू किडनी, वर पॅरालिसिसचा झटका. साखरेचे डॉक्टर विट्यात, किडनीचे मिरजेत, हाडांचे सांगलीत. एकाची चिठ्ठी दुसरा पाहत नाही, आणि पेशंट बिघडतो तो याच फटीत.

ही फट गावातच बुजवायची तर आधी घरं निवडा, पाचच. तीन-चार आजार एकत्र असलेले, वर्षात दोनदा ॲडमिट झालेले, अंथरुणाला खिळलेले किंवा एकटे राहणारे. सुरुवातीलाच चाळीस नावं घेतली तर दुसऱ्या महिन्यात वही बंद पडते.

प्रत्येक घराला एक दुवा नेमा, म्हणजे पेशंट आणि सगळे डॉक्टर यांना जोडणारं एक माणूस. हे काम सरसकट आशाताईंवर ढकललं जातं. त्यांना कामागणिक मोबदला मिळतो आणि आधीचीच कामं ढीगभर असतात. बचत गटातली लिहिती-वाचती बाई किंवा शेजारची सून बरी. आशाताई आणि उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी तिच्या पाठीशी हवेत. फाईल कुणी पाहायची, हे मात्र पेशंटलाच विचारा. टीबी, एचआयव्ही किंवा मनाचा आजार चावडीवर जाता कामा नये.

गोळ्यांची पिशवी ओता. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. देवळीतल्या, फ्रीजवरच्या, उशाखालच्या, घरात असतील तेवढ्या गोळ्या वर्तमानपत्रावर मांडा. कंपनीचं मोठं नाव सोडून खालचं बारीक अक्षर वाचा. बीपीचं टेल्मिसार्टन दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिलेलं सापडतं. साखरेचं मेटफॉर्मिन एकदा सुटं आणि एकदा दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असतं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेलं डायक्लोफिनॅक तर अधू किडनीचा वैरीच. मात्र कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. यादी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा, जाणं जमत नसेल तर उपकेंद्रातून ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याच्या सेवेवर, विचारा.

इथे हमखास अडतं ते कापलेल्या पाकिटाशी. चार गोळ्या कापून देताना नावाचा तुकडा दुकानातच राहतो आणि पेशंटच्या हाती नुसती चमकती पट्टी येते. मेडिकलवाल्याला या कामात सामील करून घ्यायचं ते यासाठीच. नाव आणि मुदत पेशंटकडच्या तुकड्यावर राहील असं कापा, नाहीतर पुडीवर लिहून द्या, एवढंच त्याला सांगा.

फाईल एकच ठेवा. पहिल्या पानावर आजार, चालू गोळ्या, ॲलर्जी, दोन फोन नंबर. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी) असेल तर कव्हरवरच ठळक लिहा: ‘या हातावर बीपी नाही, सुई नाही.’ जतच्या पूर्व भागात घरात कन्नड बोललं जातं, तिथे गोळ्यांच्या तक्त्यावर सूर्य-चंद्राची चित्रंच काढा.

डिस्चार्जच्या दिवशी दवाखान्यातून निघण्याआधी तीन गोष्टी कार्डावर लिहून घ्या: जुन्या कुठल्या गोळ्या बंद, पुढची तपासणी कधी, काय झालं तर तडक परत यायचं. दुव्याने ४८ तासांत घरी जावं आणि बंद झालेल्या गोळ्या घरातून हलवाव्यात. हे राहून गेलं की म्हातारा माणूस नव्या-जुन्या दोन्ही घेत बसतो. अंथरुणावरच्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायला घरच्यांना दाखवा.

पैसा आणि गाडी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला, गाठा, रेशनकार्ड-आधार सोबत असू द्या. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. कमोड खुर्ची किंवा वॉकर त्यातून मागता येतो, पण दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे आधीच लागा. तातडीला १०८ आहे. डायलिसिसच्या ठरलेल्या फेऱ्यांसाठी मात्र गावातल्या जीपवाल्याशी महिन्याचा दर ठरवा आणि त्याची गाडी लग्नात अडकली तर दुसरा कोण, तेही लिहून ठेवा.

महिन्यातून एकदा अर्धा तास उपकेंद्रात बसा. दुवे, आशाताई, आरोग्य अधिकारी, मेडिकलवाला, एखादा ग्रामपंचायत सदस्य. प्रत्येक घरामागे तीनच प्रश्न: काय बदललं, काय अडलं, कोण करणार. हार-सत्कार आला की अर्धा तास त्यातच जातो. रिपोर्टचे फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत, ते दुव्याने थेट डॉक्टरांना दाखवावेत.

दसऱ्यानंतरची बैठक चुकवू नका. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत फाईलवरचा मुलाचा नंबर लावून बघा, आणि घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे ते त्याच पानावर लिहा.