दोघांत करायचं कोचिंग: चार आठवड्यांची आखणी

मन ताळ्यावर आणायचं ठरवलं की बहुतेक जण एकदम पाच गोष्टींना हात घालतात: पहाटे उठणं, ध्यान, डायरी, चालणं, मोबाइल कमी. आठवड्याभरात पाचही बारगळतात. इथली पद्धत उलटी आहे. आधी मोजायचं, मग एकच गोष्ट निवडायची, आणि निवडताना प्रश्न विचारायला कुणाला तरी समोर बसवायचं. या प्रश्न विचारून केलेल्या मदतीलाच इथे कोचिंग म्हटलंय. वही, पेन आणि आठवड्याला अर्धा तास देणारा जोडीदार, एवढं पुरतं. नवरा किंवा बायको शक्यतो नको. तुमच्या उत्तरात ज्याची सोय-गैरसोय अडकलेली असते, त्याला तटस्थपणे प्रश्न विचारणं जमत नाही.

मोजायला ‘डब्ल्यूएचओ-५’ ही जागतिक आरोग्य संघटनेची छोटी प्रश्नावली घ्या. १९९८ पासून ती वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल पाच विधानं असतात:

- मी आनंदी आणि उत्साही होते/होतो.
- मला शांत, निवांत वाटलं.
- अंगात तरतरी होती.
- सकाळी उठताना ताजंतवानं वाटलं.
- रोजच्या दिवसात मला रस वाटेल असं बरंच काही होतं.

‘कधीच नाही’ला ०, ‘सतत’ला ५, मधले गुण अंदाजाने. बेरीज चारने गुणली की शंभरपैकी आकडा मिळतो. ५० किंवा त्याखाली असेल तर मन खालावलंय असं धरावं. २८ किंवा त्याखाली असेल, झोप-भूक उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर ही आखणी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. कोचिंग हा उपचार नाही.

आता खरं काम, म्हणजे संभाषण. त्याचा साचा चार टप्प्यांचा आहे: ध्येय, सद्यस्थिती, पर्याय, निश्चय. तो सर्वदूर पोचवला जॉन व्हिटमोर यांनी. हे गृहस्थ आधी मोटारशर्यती जिंकत होते, कोचिंगकडे नंतर वळले. अर्ध्या तासातली पाच मिनिटं ध्येयाला, बारा सद्यस्थितीला, आठ पर्यायांना आणि पाच निश्चयाला द्या. सद्यस्थितीला सर्वांत जास्त वेळ द्यायचा आणि नेमकी तीच घाईत उरकली जाते. उदाहरणार्थ:

“मला तब्येत सुधारायची आहे.”
“सुधारली की रोजच्या दिवसात काय वेगळं दिसेल?”
“ऑफिसातून आल्या आल्या मी आडवी होणार नाही.”
“सध्या आठवड्यातून किती दिवस होतेस?”
“जवळजवळ रोजच.”
“गेल्या आठवड्यात असा एकही दिवस नव्हता, की झाली नाहीस?”
“बुधवारी. भाजी घ्यायची होती म्हणून स्टेशनवरून चालत मंडईत गेले. घरी आले तेव्हा बरं वाटत होतं.”

यातला शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे. बिघडलेले सहा दिवस उकरण्यापेक्षा जमलेला एक दिवस तपासला, तर उपाय बऱ्याचदा त्यातच सापडतो. सकारात्मक मानसशास्त्राचा, म्हणजे माणसाचं काय बरं चालतं हे अभ्यासणाऱ्या शाखेचा, कलही असाच आहे.

जोडीदाराकडून हमखास होणारी चूक म्हणजे सल्ला. “अगं, जिम लाव ना” असं तोंडून निघालं की समोरची “वेळच नाही” म्हणणार, आणि पुढची दहा मिनिटं जिम का शक्य नाही यावर जातील. ‘का’ने सुरू होणारे प्रश्नही टाळा. “का नाही गेलीस?” म्हटलं की माणूस सफाई द्यायला लागतो. “तेव्हा नेमकं काय झालं?” असं विचारा. पर्याय किमान पाच काढायचे. पहिले दोन-तीन सगळ्यांना सुचतात तेच असतात, कामाचा बहुतेक नंतर येतो. शेवटी विचारा, “हे करशील याची खात्री दहापैकी किती?” आठच्या खाली उत्तर आलं तर उपदेश करू नका, काम लहान करा. रोजच्या जागी आठवड्यातून तीनदा, अर्ध्या तासाच्या जागी दहा मिनिटं.

निश्चय झाला तरी तो निसटतो कुठे, हे आधी हेरावं लागतं. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या संशोधनातून दिसलं, की यशाची नुसती गोड कल्पना केली तर अंगातला जोर उलट कमी होतो. तिच्याशेजारी आपल्याच आतली अडचण मांडली, तर प्रयत्न वाढतो, अर्थात ध्येय आवाक्यातलं असेल तर. त्या अडचणीला मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांची ‘जर-तर’ योजना जोडायची, म्हणजे अमुक खूण दिसली तर तमुक करायचं, असं आधीच ठरवायचं. वरच्या बाईंची अडचण वेळेची नाही. स्टेशनबाहेर आलं की पाय आपोआप रिक्षाच्या रांगेकडे वळतात, ही आहे. म्हणून वहीत वाक्य असं: “रिक्षाची रांग दिसली, की मी मंडईच्या रस्त्याला लागेन.” ‘जर’च्या जागी डोळ्यांना दिसणारी किंवा कानांना ऐकू येणारी खूण हवी. “वेळ मिळाला की” ही खूण नव्हे.

जोडीला झोपण्याआधी दहा मिनिटांचं लिखाण: आज बऱ्या गेलेल्या तीन गोष्टी, आणि प्रत्येकीपुढे ती कशामुळे घडली. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे एक आठवडा करायला दिलं होतं आणि परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकलेला दिसला. पुढे अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर अशा व्यायामांचा परिणाम आधी वाटला त्याहून लहान निघाला, तेव्हा चमत्काराची आशा नको. ‘घर, आरोग्य, कुटुंब’ असं रोज लिहिलं तर काहीच होत नाही. ‘साहेबांनी अहवाल परत पाठवला नाही, कारण आकडे मी आदल्या दिवशीच तपासले होते’ हे चालतं, कारण त्यात स्वतःचा हात दिसतो. पहिला आठवडा रोज लिहा, नंतर आठवड्यातून एकदाच. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा कृतज्ञतेची यादी करणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा करणाऱ्यांना झाला नाही. अति केलं की ते पाढे म्हटल्यासारखं होतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्याची भेट वीस मिनिटांत होते. किती वेळा जमलं, जमलं तेव्हा काय वेगळं होतं, आणि ‘जर’ची खूण बदलायची का, एवढंच विचारायचं. चौथ्या आठवड्याअखेर प्रश्नावली पुन्हा भरा. शंभरपैकी दहा किंवा जास्त गुणांचा फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा मानतात. चार गुण तर कालच्या झोपेनेही हलतात. आकडा जागचा हलला नसेल पण काम ठरल्याप्रमाणे झालं असेल, तर ध्येय चुकलंय. कामच झालं नसेल, तर खूण किंवा आकारमान चुकलंय. आकडा घसरला असेल, तर पुढची भेट कोचिंगची नको, डॉक्टरांची ठरवा.

जोडीदारालाही स्वतःसाठी हे करायचं असेल तर त्याचा अर्धा तास वेगळ्या दिवशी ठेवा. एकाच बैठकीत पाळी बदलली, की दुसऱ्याचं बोलणं पहिल्याच्याच उत्तरांवर घसरत राहतं.