डीजे कंट्रोलर घेताना आधी मागची बाजू बघा

कमी पैशांत डीजे कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपवरची गाणी हाताने मिसळायचं यंत्र, घ्यायचा असेल, तर दुकानात तो हातात आल्याबरोबर उलटा फिरवून बघा. पॅड (दाबायची चौकोनी बटणं), लाइट आणि जॉग व्हील (गाणं हाताने फिरवायच्या गोल चकत्या) सगळ्यांचीच छान दिसतात. पुढे काम अडतं ते मागच्या पट्टीवर. मास्टर आउट, म्हणजे स्पीकरकडे आवाज नेणारा जॅक, कोणत्या प्रकारचा आहे, हेडफोन कुठे लागतो, माइकला जागा आहे का, यूएसबी पोर्ट कुठलं आहे, हे बहुतेक तिथेच कळतं. खालची तयारी ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या पट्ट्यात सोसायटीचे कार्यक्रम, वाढदिवस आणि हळदी वाजवायला सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे.

आधी पैशांची वाटणी करून घ्या. हातात जी रक्कम आहे तिचा किमान चौथा हिस्सा कंट्रोलर बघायला जाण्याआधीच बाजूला काढा. हेडफोन, दोन चांगल्या केबल, कन्व्हर्टर पिना, बॅग आणि स्पाइक गार्ड यांतच तो संपतो. सगळे पैसे कंट्रोलरमध्ये घालून मोबाइलचे इअरफोन लावून बसलेली माणसं पहिल्याच कार्यक्रमात दुसऱ्या गाण्याचा ठेका ऐकू येत नाही म्हणून अडकतात.

आता साउंड कार्ड, म्हणजे लॅपटॉपमधल्या गाण्याचा आवाज बाहेर काढणारा भाग. डीजेला एकाच वेळी दोन वेगळे स्टिरिओ आवाज लागतात: एक स्पीकरला जाणारा आणि दुसरा फक्त तुमच्या कानात, म्हणजे क्यू. यासाठी कंट्रोलरच्या आत चार आउटपुट चॅनलचं साउंड कार्ड असावं लागतं. २०१९ मध्ये आलेल्या पायोनियर डीजेच्या डीडीजे-२०० मध्ये ते नाही. तिथे फोन किंवा लॅपटॉपच्या जॅकला स्प्लिटर केबल लावून एक बाजू स्पीकरला आणि एक बाजू हेडफोनला द्यावी लागते, त्यामुळे दोन्हीकडे मोनो आवाज जातो. घरी हात बसवायला हे चालतं. पैसे घेऊन वाजवायचं असेल तर साउंड कार्ड नसलेला कंट्रोलर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

याच कंपनीचा डीडीजे-एफएलएक्स४ सुरुवातीला बऱ्याच जणांना पुरतो. आत साउंड कार्ड आहे, मागे आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांचा) मास्टर आउट आहे, माइकला ६.३ एमएम जॅक आहे, वीज यूएसबीवरूनच मिळते आणि वजन २.१ किलो. त्यात बूथ आउट नाही, म्हणजे स्वतःसाठी वेगळा मॉनिटर स्पीकर लावता येत नाही, हे घेतानाच माहीत असू द्या. माइक लावायचा असेल तर डायनॅमिकच घ्या. कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर या वर्गातले कंट्रोलर देत नाहीत. हळदीत घरची माणसं माइकवर नावं पुकारणारच, तेव्हा माइकचा आवाज वेगळ्या नॉबवर आहे ना, तेही बघून घ्या.

सॉफ्टवेअर कंट्रोलरसोबतच ठरतं, आणि इथे पैसे नकळत वाढतात. एफएलएक्स४ जोडला की रेकॉर्डबॉक्स या पायोनियरच्याच डीजे सॉफ्टवेअरचा परफॉर्मन्स मोड (कंट्रोलरने थेट वाजवायचा भाग) वेगळे पैसे न भरता उघडतो. सेराटो या दुसऱ्या कंपनीचं सेराटो डीजे लाइटही चालतं, पण सेराटो डीजे प्रो हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे. म्हणून दुकानदाराला नेमका प्रश्न विचारा: कुठलं सॉफ्टवेअर पूर्ण उघडतं आणि कुठलं फक्त लाइट? खोक्यावर सेराटोचं नाव छापलंय एवढ्यावर समाधान मानू नका.

गाणी इंटरनेटवरून वाजवायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा. तळघरातल्या हॉलमध्ये नेटवर्क जातं. ३२० केबीपीएसचं एमपीथ्री मिनिटाला साधारण २.४ एमबी जागा घेतं, म्हणजे चार मिनिटांची हजार गाणी दहा जीबीत बसतात. व्हिडिओवरून उतरवलेल्या फायली मोबाइलवर बऱ्या वाटतात. पंधरा इंची स्पीकरवर त्यांचा बास पोकळ येतो आणि झांजा चरचरतात.

आपल्याकडच्या गाण्यांचा खरा कस लागतो तो बीटग्रिडमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर गाण्यावर आखतं त्या ठोक्यांच्या खुणांमध्ये, आणि इथे थोडा वेळ द्यायलाच हवा. आगरी-कोळी हळदीच्या बऱ्याच गाण्यांचा ठेका सहा मात्रांचा असतो. पाय मिनिटाला शंभरच्या गतीने पडतात, पण सॉफ्टवेअर मधल्या मात्रा धरून बीपीएम (मिनिटाला ठोके) १५० लिहून मोकळं होतं. मग चार बीटचा लूप (तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणं) लावलात की तो १.६ सेकंदांचा होतो. नाचणाऱ्याचं एक पाऊल ०.६ सेकंदाचं, त्यामुळे लूप तिसरं पाऊल पुरं व्हायच्या आत तुटतो आणि अख्खं अंगण अडखळतं. यावर उपाय एकच: हळदीची सगळी गाणी घरी एकेक करून उघडा, पाय ज्यावर पडतो त्या ठोक्यावर टॅप बटण दाबत बीपीएम १०० वर आणा आणि पहिली बीट ढोलकीच्या पहिल्या थापेवर ठेवा. आता चार बीटचा लूप २.४ सेकंदांचा होईल, म्हणजे बरोबर चार पावलं. जुन्या, वादकांनी प्रत्यक्ष वाजवलेल्या गाण्यांत गती पुढे-मागे होत जाते. त्यांना रेकॉर्डबॉक्समध्ये डायनॅमिक ॲनालिसिस (बदलत्या गतीप्रमाणे ग्रिड आखणारी सोय) लावा आणि तरीही मिक्स करताना सिंक (गती आपोआप जुळवणारं बटण) बंद ठेवून कानाने जुळवा.

कानाने जुळवायचं म्हटलं की टेम्पो फेडरची, म्हणजे गती कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाची, लांबी महत्त्वाची ठरते. हिशोब सोपा आहे. ६० मिमीचा फेडर, रेंज अधिक-उणे १६ टक्के, म्हणजे एक मिलिमीटर हलवला की गती अर्ध्या टक्क्याहून जास्त बदलते. इतक्यात दोन गाणी नीट बसत नाहीत. तीच रेंज अधिक-उणे ६ वर आणली की मिलिमीटरला ०.२ टक्के, आणि हात लगेच स्थिर वाटतो. १०० मिमीचा फेडर मिळाला तर ०.१२. स्वस्त कंट्रोलरमध्ये लांब फेडर क्वचितच मिळतो, म्हणून रेंज बदलायची सोय शोधा आणि ती ६ वर ठेवून सराव करा.

लॅपटॉप नवा घ्यायची गरज बहुतेकांना नसते. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असली की काम भागतं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी ती बदला. विंडोजवर कंपनीचा एसिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने बाहेर काढणारं सॉफ्टवेअर) मिळत असेल तर टाका आणि बफर, म्हणजे वाजण्याआधी साठवला जाणारा आवाजाचा तुकडा, ५१२ सॅम्पलवर ठेवून सुरुवात करा. ४४.१ किलोहर्ट्झला तो उशीर ११.६ मिलिसेकंदांचा होतो आणि हाताला जाणवत नाही. आवाज टिकटिक करून तुटला तर बफर घाईने वाढवू नका. आधी वायफाय बंद करा, चार्जर लावा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर न्या आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी विंडोजची सेटिंग) बंद करा. बहुतेक वेळा दोष यांपैकीच कशात तरी सापडतो. कंट्रोलर थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं. वीज नसलेल्या हबवर तेच माउस आणि पेनड्राइव्हमध्ये वाटलं गेलं की कंट्रोलर मध्येच बंद होऊन पुन्हा चालू होतो.

सेकंडहँड घेणं शहाणपणाचं आहे, अट एवढीच की तपासायला अर्धा तास मिळाला पाहिजे. २०१८ चा डीडीजे-४०० अजून बाजारात फिरतो आणि शिकायला उत्तम आहे. स्वतःचा लॅपटॉप, हेडफोन आणि यूएसबी केबल घेऊन जा. गाणं चालू असताना केबलचं टोक पोर्टपाशी हलकेच वर-खाली हलवा. कनेक्शन तुटलं तर तो सौदा सोडा. प्रत्येक फेडर तळापासून टोकापर्यंत अगदी सावकाश न्या आणि स्क्रीनवरचा फेडर त्याच्यासोबत सरकतो का ते बघा. मध्येच उडी मारत असेल तर आतली पट्टी झिजलीय किंवा धूळ बसलीय. धूळ असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाईल, झीज जाणार नाही. फेडर तळाला असताना हेडफोनमध्ये मास्टर ऐका, पूर्ण शांतता हवी. जॉगच्या वरच्या चकतीवर बोट टेकलं की गाणं थांबायला हवं, आणि कडेला बोट लावलं की फक्त गती ढळायला हवी. पॅड सगळे दाबा, एकही वगळू नका. आमच्या मते कोपऱ्यातला एखादा पॅड मेलेला असला तरी भाव कमी करून घेता येतो, पण क्यू आणि प्लेची बटणं डळमळत असतील तर घेऊ नये.

नवा घेताना पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी दोन्ही मागा. केबल आणि पिनांसाठी मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, बरा: ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि थोडं चालायचं. तिथून आरसीए ते ६.३५ एमएमची आणि आरसीए ते एक्सएलआरची (तीन पिनांची, माइकला असते तशी) अशा दोन जोड्या आणा, कारण हॉलवाल्याच्या मिक्सरला काय लागेल ते आधी कळत नाही. आरसीए पाच मीटरपेक्षा लांब नेऊ नका, घरघर पकडते. लांब अंतर असेल तर मध्ये डीआय बॉक्स (लांब केबलमध्ये घरघर येऊ न देणारी छोटी पेटी) घाला. लॅपटॉपचा चार्जर लावला की गुणगुण सुरू आणि काढला की बंद, असं झालं तर तो ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटांमुळे येणारा आवाज, आहे. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावर आणा, तरी जात नसेल तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण वापरा. चार्जरची अर्थिंगची पिन मोडणं हा उपाय नाही, त्यात जीव जाऊ शकतो. स्पीकर एकच असेल तर डावी आरसीए लावून मोकळे होऊ नका. काही जुन्या गाण्यांत ढोलकी एका बाजूला आणि गळा दुसऱ्या बाजूला आहे, अर्धं गाणंच गायब होईल. दोन्ही पिना मिक्सरच्या दोन चॅनलना द्या आणि पॅन (आवाज डावीकडे-उजवीकडे वळवणारा नॉब) मध्यावर ठेवा.

हेडफोन बंद कपांचे आणि वायरचेच घ्या. ब्लूटूथमध्ये २०० मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. १२० बीपीएमला एक बीट ५०० मिलिसेकंदांची असते, तेव्हा कानात ऐकलेला ठोका जवळजवळ अर्धा मागे पडलेला असतो.

कार्यक्रम उघड्यावर असेल तर यजमानाने पोलीस ठाण्याची परवानगी घेतली आहे का, ते सुपारी घेतानाच विचारा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद असतो, आणि निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयापासून १०० मीटर शांतता क्षेत्र असतं. शेवटचं गाणं पावणेदहाला संपेल अशी यादी लावा, मग आवराआवरीत वाद होत नाही.

खाडीकाठच्या दमट हवेने फेडर लवकर खरखरतात. जूनपासून कंट्रोलर पॅडिंगच्या बॅगेत ठेवा, आत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका आणि वर झाकण लावा. लोकलने न्यायचा असेल तर बॅग ४८ सेंटीमीटर रुंदीचं यंत्र मावेल एवढी घ्या आणि पाठीवर न टाकता पुढे धरा, दारातल्या गर्दीत नॉब असेच तुटतात. हॉलवर पोहोचल्यावर आधी लॅपटॉप, मग कंट्रोलर, मास्टर शून्यावर, आणि सर्वांत शेवटी स्पीकर चालू करा. बंद करताना स्पीकर पहिला.