तगरीवरची हिरवी अळी मारू नका

तगरीची पानं एका रात्रीत गायब झाली आणि खाली मिरीएवढ्या काळपट लेंड्या दिसल्या तर आधी फवारणी नको, नीट बघा. बोटाएवढी हिरवीगार अळी, डोक्यामागे दोन निळे-पांढरे डोळे (खरे नाहीत हं, पक्ष्यांना घाबरवायला) आणि शेवटी छोटं पिवळसर शिंग असेल तर ती डॅफनिस नेरी नावाच्या पतंगाची अळी, कण्हेरीवरपण असते. चावत नाही, डंख नाही. झाडाला परत पालवी येतेच. अळी तपकिरी होऊन खाली उतरली की कोष करणार, म्हणून कुंडीतला पालापाचोळा तेवढे दिवस झाडू नका प्लीज. मग हिरव्या-गुलाबी नक्षीचा पतंग निघतो, इतका सुंदर की बघतच राहाल, संध्याकाळी फुलांसमोर हवेत थांबून मध पितो.