नवीन रिअल इस्टेट लायसन हातात आलंय, आता ब्रोकरेज कुठली धरायची?

टेक्ससमध्ये १८० तास क्लास करून, परीक्षा पास होऊन लायसन मिळालं तरी ते इनॲक्टिव्हच असतं, जोपर्यंत एखादा ब्रोकर तुम्हाला स्पॉन्सर करत नाही. अमेरिकेत बाकी राज्यांत तासांचा आकडा वेगळा, कॅलिफोर्नियात १३५, न्यू जर्सीत ७५, पण मुद्दा सगळीकडे सारखाच, नवीन एजंटला एकट्याने काम करता येत नाही. कमिशनचा चेकसुद्धा आधी ब्रोकरकडे जातो आणि मग त्यातून तुमचा हिस्सा तुम्हाला मिळतो. म्हणजे ही निवड नुसती ऑफिसची नाही, तुमच्या चुकांना कायद्याने कोण जबाबदार राहणार त्याची आहे.

आणि ओळखीपाळखीतले नवीन लोक मला फोन करून पहिला प्रश्न काय विचारतात, तर स्प्लिट किती मिळेल, म्हणजे कमिशनमधले किती टक्के आपले आणि किती ब्रोकरचे. मीही तेच केलं होतं. नव्वद-दहाचा स्प्लिट देणारं एक ऑफिस मिळालं, फार काही न विचारता सही करून मोकळी झाले.

मग काय झालं ते सांगते. माझ्या दुसऱ्याच क्लायंटचं घर ऑप्शन पिरियडमध्ये होतं, म्हणजे ते दिवस ज्यात बायर कुठल्याही कारणाने बाहेर पडू शकतो आणि अर्नेस्ट मनी (बयाणा) परत मिळतं. इन्स्पेक्शनमध्ये फाउंडेशनचं काम निघालं, नवरा-बायको दोन दिवस विचार करत बसले आणि शेवटच्या दिवशी दुपारी चारला मला म्हणाले की नको हे घर. मी म्हटलं ठीक आहे, रात्री बारापर्यंत वेळ आहे, निवांत करू. मनात शंका आली म्हणून ब्रोकरला फोन लावला, व्हॉइसमेल. परत लावला, व्हॉइसमेल. ऑफिसचा नंबर, तिथेही कोणी नाही. शेवटी ज्या सरांकडे लायसनचा क्लास केला होता त्यांना फोन केला, ते म्हणाले अगं कॉन्ट्रॅक्टमध्ये संध्याकाळचे पाच लिहिलेत, बारा नाही, आत्ता टर्मिनेशन नोटीसचा फॉर्म काढ. चार बावन्नला नोटीस गेली. आठ मिनिटं उशीर झाला असता तर त्या कुटुंबाचे हजारो डॉलर अडकले असते, आणि तेही माझ्यामुळे.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते, पहिल्या वर्षी स्प्लिट नंतर बघा, आधी बघा की तुम्ही अडलात तर फोन कोण उचलणार.

आता पैशाचं गणितही नीट मांडूया, कारण ते महत्त्वाचं आहेच. समजा ४ लाख डॉलरचं घर, तुमच्या बाजूचं कमिशन अडीच टक्के, म्हणजे १० हजार डॉलर. एका ऑफिसमध्ये नव्वद-दहा, दर डीलला ५०० डॉलर ट्रान्झॅक्शन फी आणि महिना १०० डॉलर, शिकवणारं कोणी नाही. दुसऱ्या ऑफिसमध्ये साठ-चाळीस, बाकी फी नाही, आणि मेंटॉर पहिली काही डील तुमच्या शेजारी बसून करून घेतो. वर्षात तीन डील झाली तर पहिल्याकडे हातात २४,३०० येतात, दुसऱ्याकडे १८,०००. फरक ६,३०० चा, कमी नाही, मान्य. पण पहिल्याकडे शिकवायला कोणी नसल्यामुळे तीनातलं एक डील जरी फिसकटलं तरी हातात १५,८०० उरतात आणि दुसरं ऑफिस पुढे जातं. नवख्या माणसाचं एखादं डील फिसकटणं किती सोपं असतं हे ज्याने केलंय त्याला विचारा.

बरं, स्प्लिटच्या आकड्यामागे अजून बऱ्याच गोष्टी लपलेल्या असतात. फ्रँचायझी असेल तर वरूनच काही टक्के रॉयल्टी कापली जाते का, कॅप आहे का आणि किती (म्हणजे वर्षात ठरावीक रक्कम ब्रोकरला गेली की पुढचं जवळजवळ सगळं तुमचं), डेस्क फी, ई अँड ओ इन्शुरन्स (कामातल्या चुकांसाठीचा विमा) कोण भरतं आणि क्लेम आला तर डिडक्टिबल कोणाच्या खिशातून जातं, कंपनीने दिलेल्या लीडवर (संभाव्य क्लायंटवर) वेगळा स्प्लिट आहे का, हे सगळं लेखी मागा. एमएलएस (विक्रीच्या घरांची एजंट लोकांची सामायिक यादी) आणि असोसिएशनची फी बहुतेक ठिकाणी तुमचीच असते. कॅपचं फार कौतुक करू नका, पहिल्या वर्षी तिथपर्यंत पोचणारे थोडे.

आणि टॅक्स. तुम्ही नोकर नाही, १०९९ वर (स्वतंत्र कंत्राटदाराचा टॅक्स फॉर्म) काम करता, कोणी काही कापून घेत नाही. सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्सच १५.३ टक्के, त्यावर इन्कम टॅक्स, आणि तो दर तिमाहीला अंदाजे भरायचा. ऑफर मंजूर झाल्यावर क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पूर्ण व्हायला, साधारण ३० ते ४५ दिवस जातात, त्याआधी क्लायंट शोधण्यात किती जातील सांगता येत नाही, तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच उतरा.

मुलाखतीला जाल तेव्हा लक्षात ठेवा, तिथे तुम्ही ब्रोकरला पारखायला गेलाय. बहुतेक ऑफिसांना एजंट हवेच असतात. ब्रोकर स्वतः घरं विकतो का हे विचारा, विकत असेल तर त्याच्याकडे तुमच्यासाठी वेळ किती आणि त्याच्या गैरहजेरीत कोण हेही विचारा. मेंटॉरचं नाव विचारा, "आमच्याकडे ट्रेनिंग आहे" एवढ्यावर थांबू नका, व्हिडिओची लायब्ररी म्हणजे ट्रेनिंग नव्हे. गेल्या वर्षी जॉइन झालेल्या दोन एजंटचे नंबर मागा आणि त्यांना एकच विचारा, तुझी पहिली ऑफर लिहिताना कोण बसलं होतं? नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच उत्तर मिळालं. टेक्ससमध्ये ट्रेकच्या (टेक्सस रिअल इस्टेट कमिशन) साइटवर ब्रोकरचं लायसन आणि त्याच्यावर कारवाई झाली असेल तर तीही दिसते, पाच मिनिटांचं काम आहे, करा.

काही कंपन्यांत तुम्हाला आणणाऱ्या एजंटला तुमच्या कमाईतून रेव्हेन्यू शेअर मिळतो. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी फार आग्रहाने आमच्याकडे ये म्हणालं तर सरळ विचारा, मी आले तर तुम्हाला काय मिळतं? यात चूक काही नाही, पण माहीत असलेलं बरं.

अजून एक, हे आपल्या लोकांसाठी खास. आपले पहिले क्लायंट आपलेच असतात आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, "आपले लोक कुठल्या भागात राहतात?" प्रेमाने विचारतात, पण त्यावरून त्यांना एखाद्या भागाकडे वळवणं म्हणजे स्टिअरिंग, १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने बंदी आहे. अशा वेळी काय बोलायचं हे ज्या ऑफिसमध्ये समोर बसवून शिकवतात ते ऑफिस चांगलं. तसंच १७ ऑगस्ट २०२४ पासून एनएआरच्या (एजंट लोकांची राष्ट्रीय संघटना) नियमाने घर दाखवायच्या आधी बायरबरोबर लेखी करार लागतो, तुमची फी त्यात स्पष्ट लिहिलेली असते. ओळखीच्या माणसापुढे तो कागद ठेवताना जीभ अडखळते, त्याची प्रॅक्टिस करून घेणारं कोणी हवं.

सही करण्याआधी करारातला बाहेर पडण्याचा भाग दोनदा वाचा. लिस्टिंग (विकायला घेतलेली घरं) ब्रोकरच्या नावावर असतात, तुमच्या नाही, त्यामुळे सोडून जाताना त्या सोबत येतीलच असं नाही. क्लोज न झालेल्या डीलवर किती स्प्लिट मिळणार, सोडायची फी आहे का, तुम्ही आणलेल्या क्लायंटची यादी कोणाची, हे सगळं त्या कागदावर असतं. मी माझं पहिलं ऑफिस सोडलं तेव्हा एक डील अर्ध्यात होतं आणि ठरलेल्या नव्वदऐवजी पन्नास टक्के मिळाले, कारण तसं चौथ्या पानावर लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. नवीन ऑफिसमध्ये सत्तर-तीस आहे. पहिल्याच आठवड्यात रात्री साडेनऊला एका ऑफरसाठी ब्रोकर बाईंना फोन केला, दुसऱ्या रिंगला उचलला आणि म्हणाल्या, "लॅपटॉप उघड, पहिल्या पानापासून बघू."